आशेचा मार्ग

रायपूरहून नागपूरला जाताना दुर्गनंतर राजनांदगाव लागतं. १८९३ साली नारायण वामन टिळक याच मार्गावर उलट दिशेने, नागपूरहून राजनांदगावला निघाले होते, नोकरीच्या आशेने. डब्यात अर्नेस्ट वॉर्ड नावाचे पाद्री भेटले. गप्पा कवितेवरून धर्मावर आल्या. निरोप घेताना वॉर्डांनी नव्या कराराची प्रत दिली आणि भाकीत केलं की, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते अशक्य वाटलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

तो काळ शांत नव्हता. १८९३ मध्येच मुंबईत हिंदू-मुसलमान दंगल झाली. पाठोपाठ दुष्काळ आणि प्लेग आले. टिळकांचं तर घरच दुभंगलं. लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. मग त्या परतल्या, पण हिंदू म्हणूनच, स्वतःचं सोवळं सांभाळत. पती ख्रिस्ती, पत्नी हिंदू, असा तो संसार पुन्हा सुरू झाला. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो स्वतःच्या विचाराने. हे सारं त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त किती मिस्कीलपणे सांगितलं आहे!

भाषांतर करताना मी ‘आशा’ या शब्दापाशी अडखळते. मराठी बायबलमध्ये विश्वास, आशा आणि प्रीती ही त्रयी आहे. पण आपल्या संतपरंपरेत आशा म्हणजे बहुधा पाश, तृष्णेची बहीण, सोडून द्यायची गोष्ट. पहिल्या अर्थाची आशा मराठीत कशी नांदू शकते, हे मला शब्दकोशापेक्षा टिळकांच्या त्या दोन चुलींच्या घराने अधिक समजावलं. समोरचा आपल्यासारखा होईल याची वाट पाहणं म्हणजे ती आशा नव्हे. तो तसा नसतानाही दार उघडं ठेवायचं. १९१७ मध्ये, देशात होमरूलचं वारं असताना, टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. ख्रिस्ती होण्यासाठी देश परका करावा लागतो, हे त्यांना मान्य नव्हतं.

जुलै २०२५ मध्ये याच मार्गावरच्या दुर्ग स्थानकात केरळच्या दोन जोगिणींना मानवी तस्करी आणि धर्मांतराच्या आरोपावरून अटक झाली. आठवड्याभराने जामीन मिळाला. आरोपांचा निकाल न्यायालय देईल. पण त्यानंतर गाडीत शेजारच्या प्रवाशाने माझ्या हातातलं पुस्तक कोणतं, असं विचारलं, तेव्हा उत्तर देण्याआधी मी क्षणभर थबकले. हातात ‘स्मृतिचित्रे’ होतं. मग मी नाव सांगितलं. राजनांदगाव येईपर्यंत आम्ही बोलत होतो.