अरबी समुद्राच्या तळाचे पट्टे आणि साभार परत आलेला निबंध

नोव्हेंबर १९६२. मुंबईच्या नैर्ऋत्येस जवळपास दोन हजार किलोमीटरांवर 'ओवेन' हे ब्रिटिश आरमाराचे सर्वेक्षण-जहाज समुद्राच्या एका लहानशा चौकोनात पुन्हा पुन्हा फेऱ्या मारीत होते. जहाजामागे दोराने ओढला जात होता एक चुंबकत्वमापक. खाली, पाण्याखाली दडलेली होती कार्ल्सबर्ग पर्वतरांग. (होय, बिअरवाले कार्ल्सबर्गच! ज्या डॅनिश मोहिमेने रांगेला हे नाव दिले, तिला त्या मद्यकंपनीच्या प्रतिष्ठानाचे अर्थसाहाय्य होते.)

आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेचा हा एक भाग. याच मोहिमेतून पुढे १९६६ मध्ये गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली. जहाजावरील केंब्रिजचे संशोधक ड्रमंड मॅथ्यूज यांनी जमवलेले आकडे विश्लेषणासाठी आले ते त्यांचा नवा विद्यार्थी फ्रेड व्हाइन याच्या हाती. वय वर्षे २३.

त्या काळी 'खंड सरकतात' असे म्हणणे प्रतिष्ठेचे नव्हते. आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ मध्ये ही कल्पना मांडली. पण एवढे प्रचंड भूभाग हलवते कोण, या प्रश्नाला त्यांच्यापाशी पटेलसे उत्तर नव्हते. १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात त्यांचा अंत झाला. १९६२ मध्ये अमेरिकेच्या हॅरी हेस यांनी सुचवले की खंड समुद्रतळ नांगरीत जात नाहीत; समुद्रतळच मध्यवर्ती रांगांपाशी नव्याने जन्मतो आणि दोन्ही बाजूंना सरकतो. हेस यांनी स्वतःच या लेखनाला 'भूकाव्य' म्हटले होते. कल्पना देखणी, पण पुरावा कोठे?

पुरावा चुंबकत्वात होता. लाव्हा थंड होताना त्यातील मॅग्नेटाइट सुमारे ५८० अंश सेल्सिअसच्या खाली येते आणि त्या क्षणीची पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राची दिशा दगडात गोठते. फ्रान्सच्या बर्नार्ड ब्रून यांना १९०६ मध्ये उलट्या दिशेचा लाव्हा सापडला होता, तर जपानच्या मोतोनोरी मातुयामा यांनी १९२९ मध्ये दाखवले की हे क्षेत्र भूतकाळात खरोखर उलटे झालेले असावे. शेवटची उलथापालथ पावणेआठ लाख वर्षांपूर्वीची.

व्हाइनने हे धागे जुळवले. केंब्रिजच्या एडसॅक-२ संगणकावर गणित मांडता कार्ल्सबर्ग रांगेवरील एक समुद्री डोंगर सरळ, तर दुसरा उलट चुंबकत्वाचा निघाला. म्हणजे रांगेच्या फटीतून वर येणारा लाव्हा गोठतो, पुढचा लाव्हा त्याला दुभंगून दोहों अंगांना सारतो, दरम्यान क्षेत्र उलटते. आणि तळावर सरळ-उलट असे पट्टे उमटत जातात. ७ सप्टेंबर १९६३ रोजी 'नेचर'मध्ये व्हाइन-मॅथ्यूज निबंध छापून आला.

इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबावे ते येथे. हाच विचार कॅनडाचे भूभौतिकशास्त्रज्ञ लॉरेन्स मॉर्ली यांनी त्याच वर्षी स्वतंत्रपणे लिहून आधी 'नेचर'कडेच पाठवला होता. तो साभार परत आला. दुसऱ्या नियतकालिकाच्या परीक्षकाने तर अशा गप्पा मद्यपानाच्या मेजवानीत शोभतात, अशा अर्थाचा शेरा मारला. मॉर्लींच्या निबंधात व्हाइनसारखे सर्वेक्षणाचे ताजे आकडे नव्हते, हे खरे. पण निर्णय केवळ त्यावर झाला असे म्हणवत नाही. ज्या कल्पनेला विद्वत्सभेत बसायला जागा नाही, तिच्या पुराव्याकडे पाहण्याची तसदी घेतली जात नाही.

व्हाइनलाही लगेच मान मिळाला नाही. १९६६ मध्ये 'एल्टनिन' जहाजाने पॅसिफिक-अंटार्क्टिक रांगेवर घेतलेला आलेख हाती आला. डावी बाजू उजवीवर दुमडली तर तंतोतंत बसेल इतका तो सममित होता. त्यानंतर विरोध झपाट्याने ओसरला. १९६७-६८ मध्ये मॉर्गन, मॅकेन्झी-पार्कर आणि ल पिशाँ यांनी 'प्लेट'चे गणित मांडले.

चित्र असे. कार्ल्सबर्ग रांग ही भारतीय आणि सोमाली प्लेटांची सीमा आहे. तेथे वर्षाला दोन-तीन सेंटीमीटर नवा तळ तयार होतो, बोटांची नखे वाढावीत त्याच गतीने. पृथ्वी फुगत नाही, म्हणून जुना तळ कोठेतरी नाहीसा व्हायलाच हवा. तो थंड होऊन जड झालेला असतो. सुमात्रापाशी तो दुसऱ्या प्लेटखाली बुडतो आणि बुडताना मागचा सारा पट्टा ओढतो. प्लेटा चालतात त्या मुख्यतः या ओढीने. रांगेपासचा ढकला त्या मानाने दुबळा. उत्तरेस मात्र खंडाला खंड भिडला आहे. दोन्ही हलके, बुडायला कोणीच तयार नाही, म्हणून हिमालय उंचावतो. काही ठिकाणी प्लेटा नुसत्या एकमेकींना घासून जातात. अशा सीमांचा उलगडा टुझो विल्सन यांनी १९६५ मध्ये केला.

या साऱ्याचा सह्याद्रीशी संबंध जुना आहे. १९५६ मध्येच ब्रिटिश संशोधकांनी दख्खनच्या बेसाल्टचे चुंबकत्व मोजून भारत दक्षिण गोलार्धातून वर आल्याचे दाखवले होते. तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. थोड्याच काळाने भारताच्या पश्चिम किनाऱ्याला लगटून असलेला सेशेल्सचा ग्रॅनाइटी तुकडा अलग झाला आणि मधल्या फटीतून कार्ल्सबर्ग रांग आकाराला आली. महाबळेश्वरच्या घाटात खालचे थर उलट चुंबकत्वाचे आहेत, वरचे सरळ. समुद्रतळावर जे आडवे पसरले आहे, ते येथे उभे रचलेले आहे.