धुराचा इतिहास

परदेशात चिखलातून उड्या मारायला वेगळी मोटारसायकल मिळते. तिला डर्ट बाइक म्हणतात. आमच्या वाशीम जिल्ह्याला अशी वेगळी गाडी कधी लागली नाही. डांबर संपून पांदण लागली की कुठलीही गाडी आपोआप डर्ट बाइक होते. मृगाचा पाऊस पडला की इथली काळी माती चाकाशी आणि मडगार्डाशी असा घरोबा करते, की सळई घालूनच दोघांना विभक्त करावे लागते.

या मातीत नांदली ती राजदूत. माहेर पोलंड. तिथल्या एसएचएल एम-11 या गाडीवरून एस्कॉर्ट्स कंपनीने साठीच्या दशकात ती इकडे आणली. 175 सीसी, टू-स्ट्रोक. 1973 साली ऋषी कपूरने ‘बॉबी’त तिची धाकटी बहीण फिरवली आणि त्या मॉडेलला बॉबी हेच नाव पडले. थोरलीच्या नशिबी मात्र डिंपल नव्हती, दुधाचे कॅन होते. जावा ही चेकोस्लोव्हाकियाची. ती 1961 पासून म्हैसुरात बनू लागली, पुढे येझ्दी झाली आणि 1996 पर्यंत टिकली. याच चेक लोकांच्या सीझेड या टू-स्ट्रोकवर जोएल रॉबेर नावाच्या बेल्जियन पोराने 1964 साली 250 सीसीचे जागतिक मोटोक्रॉस अजिंक्यपद मिळवले. चिखलाशी या घराण्याचे नाते असे जुने आहे. मग 1985 साली आली यामाहा आरएक्स 100. इंजिन 98 सीसी, ताकद अकरा घोड्यांची. त्यातले निम्मे घोडे बहुधा कॉलेजच्या फाटकासमोरच खर्च होत.

टू-स्ट्रोकचे मर्म आम्हा बँकवाल्यांना चटकन कळते. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांमागे एकदा व्याज देते, हे दर फेरीला देते. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. सिलिंडरच्या भोकांसमोरून पिस्टनच वरखाली करतो आणि दारे उघडझाप करतो. म्हणून तर बाभळीखालचा मिस्त्री चार पाने आणि एक हातोडी घेऊन अख्खे इंजिन गोणपाटावर मांडू शके. पण तेलाची वेगळी सोय नसल्याने ते पेट्रोलमध्येच पाजायचे. पंपावर गाडी लावली की “दोन लिटर, ऑइल टाकून” हा मंत्र. तेल जास्त झाले की प्लग काळा, कमी झाले की पिस्टन जाम. घाट उतरताना अॅक्सिलरेटर पार सोडला तर पेट्रोलबरोबर तेलही आटते, हे फार थोड्यांच्या ध्यानात येई. आरएक्सला तेलाची वेगळी टाकी आणि पंप होता. तरी पंप म्हातारा झाल्यावर लोक तो बंद करून पुन्हा पेट्रोलमध्येच तेल ओतू लागले.

दोष एकच, पण मोठा. आतले दार आणि बाहेरचे दार थोडा वेळ एकदमच उघडे असते, त्यामुळे ताजे पेट्रोल काही काम न करता धुराबरोबर निघून जाते. (असे कर्मचारी मी पाहिलेले आहेत.) 1996 आणि 2000 सालच्या प्रदूषणाच्या नियमांना हे चालेना आणि फोर-स्ट्रोकचे राज्य आले.

म्हणून आता टू-स्ट्रोक घ्यायची ती जुनीच, आणि ती घेणे म्हणजे इतिहास-संशोधन. रंग पाहू नये. तो कालचा असतो. इंजिन गार असताना किक मारायला सांगावे. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवले असेल तर चहा घ्यावा, थांबावे. सुरुवातीचा निळा धूर क्षम्य; दहा मिनिटांनीही गाव झाकत असेल तर विचार करावा. सिलिंडर किती वेळा रिबोअर झाला ते विचारावे, कारण पिस्टन दर वेळी पाव मिलिमीटरने वाढतो आणि सिलिंडरची जाडी काही सावकाराची तिजोरी नव्हे. सायलेन्सर भट्टीत घालून आतला कार्बन जाळलेला बरा, पण आवाजासाठी बॅफलच काढून टाकलेला असेल तर आधीचा मालक कोण होता ते न विचारता समजते. मिस्त्री टाकीला कान लावतो नि म्हणतो, “सायेब, हिले तेल कमी पाजलं कोनं तरी.”

शेवटी आरसी बुक. चेसिसवर कागद धरून पेन्सिल घासावी आणि नंबर ताडून पाहावा. कर्जाचा बोजा उतरला आहे का तेही पाहावे. आरएक्स 100 बनणे 1996 साली थांबले आणि वाशीम जिल्हा अकोल्यातून वेगळा झाला 1 जुलै 1998 ला. तेव्हा “पहिल्यापासून आपल्या वाशीमचीच, एमएच 37” म्हणून कोणी आरएक्स दाखवू लागला, तर त्याला चहाचे पैसे देऊ द्यावेत आणि उठावे.