तुरुंगातून काढलेला सिनेमा

इस्तंबूलच्या बेयोग्लू भागात येशिलचाम नावाची एक गल्ली आहे. सिनेमावाल्यांची ऑफिसं तिथे, म्हणून अख्ख्या तुर्की इंडस्ट्रीलाच ते नाव चिकटलं. १९७२ साली, म्हणजे भरभराटीच्या काळात, तिथे वर्षाला जवळजवळ ३०० सिनेमे निघायचे! रडारड, गाणी, गरीब हिरो, श्रीमंत हिरॉईन... ओळखीचं वाटतंय ना? वाटणारच. आपला 'आवारा' १९५०च्या दशकात तिकडे तुफान चालला होता, आणि १९६४ मध्ये त्याचा तुर्की रीमेकही आला.

याच येशिलचामचा सुपरस्टार म्हणजे यिल्माझ ग्युने. जन्म १९३७, अदानाकडच्या गरीब कुर्द घरातला. गोरागोमटा नाही, चेहरा राकट, म्हणून लोक प्रेमाने 'कुरूप राजा' म्हणायचे. मारधाडपट करता करता १९७० साली या पठ्ठ्याने 'उमुत' (म्हणजे आशा) काढला. कर्जात बुडालेल्या टांगेवाल्याची साधी गोष्ट. सेन्सॉरने लगेच बंदी घातली.

१९७४ मध्ये एका रेस्टॉरंटमधल्या भांडणात एका न्यायाधीशाचा खून झाला. ग्युनेला १९ वर्षांची शिक्षा झाली. करिअर संपलं? छे! गडी कोठडीत बसून पटकथा लिहायचा, बारीकसारीक सूचना बाहेर पाठवायचा आणि मित्र शूटिंग करायचे. 'सुरू' (१९७८) असाच झेकी ओक्तेनने केला, 'योल' शेरीफ ग्योरेनने.

'योल' म्हणजे रस्ता. आठवडाभराच्या रजेवर सुटलेल्या पाच कैद्यांची ही गोष्ट. १९८० च्या लष्करी बंडानंतरचा देश, नाक्यानाक्यावर झडती. एकाची तर रजेची कागदपत्रंच हरवतात आणि सगळी रजा सैनिकांच्या ताब्यात जाते. दुसऱ्याच्या बायकोला 'घराण्याच्या अब्रू'साठी साखळीने बांधून ठेवलंय, आणि तिला मारायचं काम नवऱ्यावर सोपवलंय. म्हणजे तुरुंगाबाहेरही तुरुंगच.

१९८१ मध्ये ग्युने स्वतः रजेवर बाहेर पडला तो परतलाच नाही! देशाबाहेर पळाला, स्वित्झर्लंडमध्ये एडिटिंग केलं आणि १९८२ साली कान महोत्सवात 'योल'ला सर्वोच्च पुरस्कार मिळाला (कोस्टा-गाव्हरासच्या 'मिसिंग'सोबत विभागून). तुर्कस्तानने त्याचं नागरिकत्व काढून घेतलं. १९८४ मध्ये तो पॅरिसमध्ये कॅन्सरने गेला, वय फक्त ४७. 'योल' मायदेशी दाखवला गेला तो थेट १९९९ मध्ये.

आता अडचण अशी की या गोष्टीत एक माणूस जिवानिशी गेलाय. 'ग्रेट कलाकार होता, जाऊ दे' म्हणणं मला जमत नाही. पण 'योल' बघताना एक जाणवतं, हा सिनेमा कोणालाच साधू करत नाही. त्यातले कैदी बिचारे आहेत आणि बायकांशी क्रूरही आहेत. ग्युनेलाही तेवढ्याच कठोर नजरेने बघावं, आणि सिनेमा मात्र जरूर बघावा.