मानमोडी गेली, अँटिबॉडी राहिल्या

१९१८ च्या इन्फ्लुएंझाला मराठीत ‘मानमोडी’ म्हणत. जूनमध्ये तो मुंबई बंदरातून शिरला, मध्यंतरी निवळला आणि सप्टेंबरपासून जीवघेणा होऊन परतला. आमचं आंबागड तेव्हा मध्य प्रांतात. लोकसंख्येच्या मानाने सर्वाधिक माणसं दगावली त्यांपैकी हा प्रांत. पण जे वाचले, त्यांच्या रक्तात काय उरलं? याचं नेमकं उत्तर मिळायला नव्वद वर्षं गेली.

२००८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी ३२ वृद्धांचं रक्त तपासलं. वयं ९१ ते १०१. साथीच्या वेळी ही सगळी लहान मुलं होती. प्रत्येकाच्या रक्तात १९१८ च्या विषाणूला ओळखणाऱ्या अँटिबॉडी सापडल्या, आणि बहुतेकांच्या अँटिबॉडी त्याला निष्प्रभही करत होत्या.

इथे जरा थांबा. आयजीजी या अँटिबॉडीचं अर्धायुष्य साधारण २१ दिवसांचं. म्हणजे १९१८ च्या दिवाळीतल्या अँटिबॉडी १९१९ च्या दिवाळीपर्यंत जवळपास संपलेल्याच. मग नव्वद वर्षं टिकलं काय? टिकला तो त्या बनवणारा कारखाना, म्हणजे अस्थिमज्जेतल्या दीर्घायुषी प्लाझ्मा पेशी. जोडीला रक्तात फिरणाऱ्या स्मृती बी-पेशी. त्या अभ्यासात आठपैकी सात जणांच्या बी-पेशींनी प्रयोगशाळेत पुन्हा अशा अँटिबॉडी बनवल्या. ‘टिकतं’ हे क्रियापद आपण नेमकं कशाला लावतोय, ते आधी ठरवा. मी ठरवलं नव्हतं. गाईडनी अख्खं प्रकरण परत लिहायला लावलं.

एक शंका तुम्हाला यायलाच हवी. मधल्या काळातल्या फ्लूंनी या पेशींना पुन्हा पुन्हा जागं केलं असेल तर? तशी शक्यता आहे, विशेषतः १९१८ नंतरच्या पहिल्या काही वर्षांत. पण वेगळ्या काढलेल्या अँटिबॉडी १९१८ च्या आणि १९३० च्या डुकरांतल्या विषाणूला घट्ट चिकटत होत्या. माणसांतल्या अलीकडच्या विषाणूंना नाही.

डुकरांचा हा उल्लेख पुण्यापर्यंत आणतो. ३ ऑगस्ट २००९ ला स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यात गेला, १४ वर्षांची शाळकरी मुलगी. फ्लू म्हणजे म्हाताऱ्यांना धोका, हा आपला नेहमीचा हिशेब. या वेळी तो उलटा झाला. अमेरिकेत जुने रक्तनमुने तपासले तेव्हा साठीपुढच्या साधारण एक तृतीयांश लोकांत या नव्या विषाणूविरुद्ध अँटिबॉडी आधीच होत्या, मुलांत जवळजवळ शून्य. कारण मानमोडीच्या विषाणूची एक शाखा डुकरांत गेली आणि तिथे तिचं हिमॅग्लुटिनिन फारसं बदललं नाही. माणसांतली शाखा मात्र दरवर्षी रूप पालटत राहिली. म्हणून नव्वदीतल्या आजीचं रक्त २००९ च्या विषाणूला ओळखू शकत होतं, आणि त्याच आजीला मागच्या हिवाळ्यातला फ्लू आडवं पाडू शकत होता.