सर्ब उठाव (१८०४–१८१५)

सर्ब उठाव : ओटोमन साम्राज्याच्या बेलग्रेड पाशालिकात, म्हणजे पाशाच्या सुभ्यात, सर्ब शेतकऱ्यांनी केलेले दोन सशस्त्र उठाव. पहिला उठाव १८०४ पासून १८१३ पर्यंत चालला आणि शेवटी चिरडला गेला. दुसरा १८१५ च्या वसंतात सुरू झाला आणि त्याच वर्षी वाटाघाटींवर येऊन थांबला. आधुनिक सर्बियन राज्य या दोन उठावांतून उभे राहिले. ओटोमन सत्तेखालील बाल्कन प्रदेशात राष्ट्रीय स्वरूप धारण केलेला हा पहिला मोठा लढा होता. ग्रीक स्वातंत्र्ययुद्ध त्यानंतर, १८२१ मध्ये सुरू झाले. मात्र या उठावाचा आरंभ सुलतानाविरुद्ध झाला नव्हता. सुलतानाचा हुकूम धाब्यावर बसवणाऱ्या लष्करी पुंडांविरुद्ध, सुलतानाचेच नाव घेऊन तो झाला. हे ध्यानात घेतल्याशिवाय पुढच्या घटनांची संगती लागत नाही.

पूर्वपीठिका : मध्ययुगीन सर्बियन राज्याची ताकद १३७१ ची मारित्साची लढाई आणि १३८९ ची कोसोवोची लढाई यांनंतर ओसरत गेली. १४५९ मध्ये डॅन्यूबकाठचा स्मेदेरेवोचा किल्ला पडला आणि ते राज्य संपले. पुढच्या साडेतीनशे वर्षांत उठाव झालेच नाहीत असे नव्हे. १५९४ मध्ये बनात प्रांतातील सर्बांनी संत सावाचे चित्र असलेला झेंडा घेऊन बंड केले. त्यावर सूड म्हणून ओटोमन वजीर कोजा सिनान पाशाने या संताच्या अस्थी बेलग्रेडजवळ व्राचार येथे जाळल्या. १६९० मध्ये ऑस्ट्रियन फौज मागे हटली, तेव्हा धर्मगुरू आर्सेनिये चार्नोयेविच याच्याबरोबर हजारो कुटुंबे सावा आणि डॅन्यूब या नद्या ओलांडून हॅब्सबर्ग मुलखात गेली. या देशांतराचा फायदा शतकाभराने दिसला. नदीपलीकडचे सर्ब व्यापारी, पाद्री आणि शिक्षक हा उठावाचा खरा पाठीराखा वर्ग ठरला. दारूगोळाही मुख्यतः तिकडूनच आला.

१७८८ ते १७९१ च्या ऑस्ट्रिया-तुर्कस्तान युद्धात अनेक सर्ब ऑस्ट्रियाच्या स्वयंसेवक पथकांत लढले. १७९१ च्या स्विश्टोवच्या तहाने ऑस्ट्रियाने बेलग्रेड परत केले आणि हे लोक पुन्हा तुर्की अमलाखाली आले. पण येताना ते कवायत, बंदुकीचा सराव आणि तुकडी चालवण्याचे ज्ञान घेऊन आले. पुढे पहिल्या उठावाचा नेता झालेला काराजॉर्जे त्यांच्यापैकीच एक होता.

सुलतान तिसरा सेलीम सुधारणावादी होता. १७९३–९४ च्या फर्मानांनी त्याने सर्बांना बऱ्याच सवलती दिल्या. कर गोळा करण्याचे काम गावांच्या मुखियांकडे, म्हणजे क्नेझांकडे सोपवले आणि सुलतानाच्या पायदळातील उपद्रवी जानिसरी सैनिकांना पाशालिकात येण्यास मनाई केली. त्याचा सुभेदार हाजी मुस्तफा पाशा इतका लोकप्रिय झाला की लोक त्याला ‘सर्बांची आई’ म्हणत. विदिनचा बंडखोर पाझवंदओग्लू जानिसरींना हाताशी धरून चाल करून आला, तेव्हा या पाशाने सर्ब रयतेलाच शस्त्रे धरू दिली. परंतु १७९८ मध्ये नेपोलियन इजिप्तमध्ये उतरला आणि सुलतानाला घरच्या बंडखोरांशी मिळते घ्यावे लागले. जानिसरी परतले. डिसेंबर १८०१ मध्ये त्यांनी हाजी मुस्तफा पाशाचा खून केला. आगानलिया, कुचुक अलिया, मुला युसुफ आणि मेहमेद-आगा फोचिच या चौघा सरदारांनी पाशालिक आपसांत वाटून घेतले. या चौघांना ‘दाहिया’ म्हणत.

क्नेझांची कत्तल : दाहियांनी गावागावांत हस्तक बसवले, शेतसाऱ्यावर आपला जादा हिस्सा लादला आणि क्नेझांचे अधिकार काढून घेतले. सर्ब गुप्तपणे जमवाजमव करीत असल्याचा सुगावा लागताच, नेतृत्वच छाटून टाकावे म्हणजे रयत गप्प बसेल, असा त्यांनी हिशेब केला. जानेवारी आणि फेब्रुवारी १८०४ मध्ये क्नेझ, पाद्री आणि प्रतिष्ठित माणसे पकडून मारण्यात आली. वाल्येवो येथे कोलुबारा नदीच्या काठी अलेक्सा नेनादोविच आणि इलिया बिर्चानिन यांचा शिरच्छेद झाला.

हा हिशेब साफ चुकला. सर्ब समाजात मोठे जमीनदार नव्हते, दरबारी सरदारही नव्हते. गाव, गावांचा समूह आणि त्यावरचा निवडलेला क्नेझ एवढीच त्यांची व्यवस्था होती. अशा समाजात एक क्नेझ मारला तर त्याचा भाऊ किंवा मुलगा पुढे येतो. अलेक्सा नेनादोविचचा मुलगा मातेया हा पाद्री होता. बापाच्या मृत्यूनंतर तो उठावाचा संघटक झाला, मदत मागण्यासाठी थेट सेंट पीटर्सबर्गला गेला आणि पुढे त्याने आठवणी लिहून ठेवल्या. माझ्या मते या काळाचे त्याहून जिवंत साधन दुसरे नाही.

ओराशात्सची सभा : १४ फेब्रुवारी १८०४ रोजी शुमादिया या ओकच्या जंगलांच्या प्रदेशात ओराशात्स गावाच्या एका घळीत सुमारे ३०० माणसे जमली. स्तानोये ग्लावाश हा नावाजलेला हायदूक, म्हणजे रानात राहून तुर्कांवर छापे घालणारा. त्याने पुढारीपण नाकारले, कारण घरदार नसलेल्या माणसामागे शेतकरी येणार नाही असे त्याचे म्हणणे होते. तेओदोसिये मारिचेविच या क्नेझानेही नकार दिला. मग जॉर्जे पेट्रोविच ऊर्फ काराजॉर्जे याची निवड झाली. तो डुकरांचा व्यापारी होता. शुमादियातील डुकरे ओकची फळे खाऊन पोसली जात आणि नदीपार ऑस्ट्रियात विकली जात. सर्बांच्या हाती रोख पैसा येण्याचा हा मुख्य मार्ग होता. त्यामुळे या व्यापाऱ्यांना वाटा, उतार, सीमेवरचे अधिकारी आणि बाजारभाव सारेच ठाऊक असत. काराजॉर्जे निरक्षर, तापट आणि निर्दय होता. सख्ख्या भावाला बलात्काराच्या आरोपावरून त्याने फाशी दिले. पण रणांगणावर त्याची नजर अचूक होती.

पहिला उठाव : सुरुवातीला सुलतानाला हा उठाव सोयीचाच वाटला. त्याने बोस्नियाचा वजीर बेकिर पाशा याला पाठवले. दाहिया बेलग्रेड सोडून डॅन्यूबमधील अदा काले बेटावर पळाले आणि ऑगस्ट १८०४ मध्ये बंडखोर सेनानी मिलेन्को स्तोयकोविचच्या माणसांनी तेथे त्यांना ठार केले. पाशाच्या दृष्टीने काम संपले होते. सर्बांनी मात्र शस्त्रे खाली ठेवली नाहीत. आता त्यांना स्वायत्तता हवी होती आणि तिला ऑस्ट्रियाची हमी हवी होती. प्रजेने परक्या सम्राटाची हमी मागावी हे कोणत्याही सुलतानाला मानवणारे नव्हते. ऑगस्ट १८०५ मध्ये इवान्कोवात्स येथे बंडखोरांनी निशच्या हाफिज पाशाला हरवले. सुलतानाच्या सैन्याशी झालेली ही पहिली समोरासमोरची लढाई. येथून बंडाचे युद्ध झाले.

१८०६ हे सर्बांच्या यशाचे वर्ष. ऑगस्टमध्ये शाबात्सजवळ मिशार येथे काराजॉर्जेने मातीचा बंदिस्त तळ उभारला, बोस्नियातून आलेल्या फौजेला त्यावर धडका मारू दिल्या आणि मग घोडदळ सोडून तिचा धुव्वा उडवला. पूर्वेला देलिग्रादची तटबंदीही टिकली. डिसेंबरमध्ये बेलग्रेड शहर पडले आणि काही दिवसांत किल्लाही. या विजयावर मोठा डाग आहे. शहरातल्या मुसलमानांची कत्तल झाली. सुभेदार सुलेमान पाशा आणि त्याच्या माणसांना सुखरूप जाऊ देण्याचे वचन दिले होते. त्यांना वाटेत गाठून मारण्यात आले. दाहियांचे अत्याचार सांगणाऱ्याने हेही सांगितलेच पाहिजे.

याच सुमारास पेतार इच्को या व्यापाऱ्याने इस्तंबूलमध्ये बोलणी करून ठराविक खंडणीच्या बदल्यात व्यापक स्वायत्तता मिळवली होती. पण रशिया आणि तुर्कस्तान यांचे युद्ध पेटले, सर्बांना रशियाचा भरवसा वाटला आणि त्यांनी हा तह फेटाळला. जे त्यांनी नाकारले, त्याच्या जवळपास पोहोचायला त्यांना पुढे दोन दशकांहून अधिक काळ लागला. जुलै १८०७ मध्ये तिल्सित येथे झारने नेपोलियनशी तह केला, पाठोपाठ तुर्कांशी युद्धबंदी केली आणि सर्ब एकटे पडले.

राज्याची घडण : लढाईच्या धामधुमीत शासनही आकाराला येत होते. १८०५ मध्ये शासन परिषद स्थापन झाली. १८०८ मध्ये बेलग्रेडला उच्च विद्यालय उघडले. त्यामागे दोसितेय ओब्रादोविच हा युरोपभर फिरलेला वृद्ध विद्वान होता. शिक्षणाची जबाबदारी सांभाळणारा तो पहिला मंत्री. या विद्यालयात शिकलेला आणि उठावात कारकुनी केलेला वुक काराजिच पुढे सर्बियन भाषा आणि लिपीचा सुधारक झाला. १८१५ मध्ये शिशातोवात्स मठात त्याने फिलिप विश्निच या अंध गायकाकडून उठावाची पदे उतरवून घेतली. गुसले या एकतारी वाद्यावर पोवाडे गाणारा विश्निच बंडखोरांबरोबर छावण्यांतून राहिला होता. जर्मन इतिहासकार लिओपोल्ड फॉन रांके याने १८२९ मध्ये ‘सर्बियन क्रांती’ हा ग्रंथ लिहिला, त्याचीही बरीच माहिती वुकनेच पुरवली.

काराजॉर्जे आणि प्रांतोप्रांतीचे सेनानी यांच्यात मात्र अधिकारावरून सतत भांडणे होती. त्यांची किंमत १८०९ मध्ये मोजावी लागली. निशजवळ सेनानींमध्ये एकवाक्यता नव्हती. ३१ मे रोजी चेगार टेकडीवर स्तेवान सिंजेलिचची तुकडी एकटी सापडली, शेजारच्या छावण्यांतून मदत आली नाही. तुर्क मोर्च्यात घुसले तेव्हा सिंजेलिचने दारूच्या साठ्यावर गोळी झाडली आणि शत्रूसह स्वतःला उडवून दिले. तुर्की सेनापती हुर्शिद पाशाने मृत सर्बांच्या कवट्या चिणून रस्त्याकडेला मनोरा उभारला. ‘चेले कुला’ या नावाने तो निशमध्ये आजही आहे. मुळात त्यात ९५२ कवट्या होत्या, आता ५८ उरल्या आहेत. नातलगांनी रात्री येऊन अनेक काढून नेल्या असे सांगतात. फ्रेंच कवी लामार्तिन याने १८३३ मध्ये तो पाहिला आणि त्याविषयी लिहिले.

उठावाचा शेवट दूरच्या घडामोडींनी केला. नेपोलियनची स्वारी येणार हे दिसताच रशियाने मे १८१२ मध्ये बुखारेस्टचा तह उरकला. त्याच्या आठव्या कलमात सर्बांना माफी आणि अंतर्गत कारभाराचे आश्वासन होते, पण किल्ले तुर्कांना परत द्यायचे होते. रशियन फौजा निघून गेल्या आणि १८१३ च्या उन्हाळ्यात तुर्क तिन्ही बाजूंनी आले. हायदूक वेल्को नेगोतिन लढवताना तोफगोळ्याने मारला गेला. ऑक्टोबरच्या आरंभी काराजॉर्जे नदी ओलांडून ऑस्ट्रियात गेला. मागे राहिलेल्यांच्या वाट्याला जाळपोळ आली. बायका-मुले गुलाम म्हणून विकली गेली.

दुसरा उठाव : पहिल्या उठावातील एक सेनानी मिलोश ओब्रेनोविच पळाला नाही. त्याने शरणागती पत्करून क्नेझपद मिळवले आणि १८१४ मध्ये हाजी प्रोदानचे बंड मोडण्यात तुर्कांना मदतही केली. नंतर बेलग्रेडचा नवा सुभेदार सुलेमान पाशा स्कोप्लाक याचा जुलूम असह्य झाला, तेव्हा २३ एप्रिल १८१५ रोजी ताकोवो येथे त्यानेच उठावाची हाक दिली. ल्युबिच, पालेझ, पोझारेवात्स आणि दुब्ल्ये येथे विजय मिळवताच तो थांबला आणि तुर्की सेनापती माराश्ली अली पाशाशी बोलणी करू लागला. वाटर्लू येथे नेपोलियन हरल्यावर रशियाचे हात मोकळे झाले होते, हे तुर्कांनाही कळत होते. वर्षअखेरीस तोंडी समझोता झाला : कर क्नेझ गोळा करतील, सर्बांच्या खटल्यांत त्यांचाही आवाज असेल, बेलग्रेडमध्ये राष्ट्रीय कचेरी बसेल.

काराजॉर्जे १८१७ मध्ये ग्रीक क्रांतिकारकांच्या फिलिकी एतेरिया या गुप्त संघटनेशी संधान बांधून परत आला, तेव्हा मिलोशच्या हुकमावरून त्याला झोपेत मारण्यात आले आणि त्याचे शिर इस्तंबूलला पाठवले गेले. हे कृत्य नीच होते. तरीही मिळालेले टिकवणे आणि वाढवणे मिलोशला जमले, हेही तितकेच खरे. १८२९ च्या आड्रियानोपलच्या तहानंतर १८३० च्या शाही फर्मानाने स्वायत्तता लेखी झाली आणि मिलोशला वंशपरंपरागत अधिपतिपद मिळाले. १८३३ मध्ये सहा जिल्हे परत मिळाले. जमीन कसणाऱ्याच्या मालकीची झाली. सरंजामी देणी संपवणारी १८३५ ची राज्यघटना मोठ्या सत्तांच्या दबावाने काही आठवड्यांतच गुंडाळली गेली, पण जमीन शेतकऱ्याकडेच राहिली.

परिणाम : शेवटचे तुर्की शिबंदीदार १८६७ मध्ये बेलग्रेडमधून गेले. १८७५ च्या हर्सगोविनातील उठावातून १८७६–७८ ची युद्धे उद्भवली आणि बर्लिन परिषदेत सर्बियाला पूर्ण स्वातंत्र्य मिळाले. काराजॉर्जे आणि मिलोश यांच्या घराण्यांतील वैर मात्र १९०३ पर्यंत चालले. त्या वर्षी लष्करी अधिकाऱ्यांनी राजा अलेक्झांडर ओब्रेनोविच आणि राणी द्रागा यांना राजवाड्यात ठार केले आणि गादी काराजॉर्जेच्या नातवाकडे, पहिल्या पीटरकडे गेली. बाल्कन युद्धे आणि पहिले महायुद्ध त्याच्याच कारकिर्दीत लढले गेले. ओराशात्सच्या सभेचा दिवस ऑर्थोडॉक्स पंचांगातील स्रेतेन्ये हा सण होता आणि १८३५ ची राज्यघटनाही त्याच सणाला मंजूर झाली. जुन्या ज्युलियन पंचांगातील अंतर आता १३ दिवसांचे झाल्याने हा सण १५ फेब्रुवारीला येतो आणि त्याच दिवशी सर्बियाचा राज्यस्थापना दिन पाळला जातो.