चांद्याची ‘मिशनची देवळे’

चंद्रपूर म्हटले की गोंड राजांचा परकोट, अचलेश्वर आणि महाकाली आठवते. जटपुरा दरवाजातून आतबाहेर करणाऱ्यांपैकी किती जणांना या शहरातील चर्चचा इतिहास ठाऊक असेल? कोणी विचारलेच तर ‘ते इंग्रजांचे’ असे उत्तर मिळते. हे उत्तर दोन्ही अंगांनी चुकीचे आहे. चांद्याचे मिशन इंग्लंडचे नव्हते, आणि ते उभे करणाऱ्यांत एक मराठी शास्त्री होता.

1870 नंतर चांद्यात काम सुरू करणारे मिशन स्कॉटिश एपिस्कोपल चर्चचे. येथे नेहमी एक घोटाळा होतो. नागपूरला शाळा काढणारे स्टीफन हिस्लॉप हेही स्कॉटिशच. पण ते फ्री चर्चचे, म्हणजे बिशप न मानणारे. चांद्याचे लोक बिशप मानणारे, अँग्लिकन परंपरेतले. स्कॉटलंडमध्ये या दोन पंथांचे वैर जुने होते. 1690 मध्ये राजमान्यता प्रेस्बिटेरियनांकडे गेली. एपिस्कोपल मंडळींवर पुढे कडक कायदे लादले गेले, ते 1792 पर्यंत उठले नाहीत. म्हणजे चांद्यात आलेला हा पंथ आपल्या मायदेशी राजमान्य नव्हता.

या मिशनच्या पहिल्या काळात चांद्यात काम केले ते नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांनी. काशीत वाढलेले हे कोकणस्थ ब्राह्मण 1848 मध्ये बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या झाले. त्यांनी ‘षड्दर्शनदर्पण’ लिहिले, आणि 1870 मध्ये त्यांना पाद्रीपदाची पूर्ण दीक्षा मिळाली. पंडिता रमाबाईंच्या धर्मविचारावर ज्यांची छाप पडली तेच हे फादर गोऱ्हे. षड्दर्शनांवर वाद घालणारा हा पंडित गोंडवनाच्या तोंडाशी येऊन बसला, याचे मला राहून राहून नवल वाटते. जंगलातल्या माडियाला न्याय-वेदान्ताचे खंडन ऐकवून काय उपयोग?

आता बांधणीकडे वळू. मध्य प्रांतातील अँग्लिकन चर्चे दोन जातींची. कामठीसारख्या छावणीतले चर्च सरकारी पैशाने, गोऱ्या पलटणीसाठी बांधलेले. 1857 चा मीरतचा उठाव रविवारी झाला. त्यानंतर गोरे शिपाई उपासनेलाही बंदुका घेऊन जात, आणि बाकांना त्या टेकवण्यासाठी खाचा पाडल्या जात. मिशनचे देऊळ मात्र वर्गणीवर उभे राही. (मराठी ख्रिस्ती जुन्या काळी सहजपणे ‘देऊळ’च म्हणत.) वास्तुविशारदाची चैन त्याला कुठली! नागपूरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलला जॉर्ज फ्रेडरिक बॉडलीसारख्या नामवंताचा आराखडा लाभला. गावोगावच्या मिशनची मदार स्थानिक गवंडी-सुतारांवर. तरी मूळ आखणी दोन्हींकडे तीच. लोकांसाठी लांबट दालन, त्यापुढे पायरीने उंचावलेला वेदीचा भाग, वेदी शक्यतो पूर्वेला आणि दाराजवळ बाप्तिस्म्याचे कुंड. मंडळीत प्रवेश कुंडापासून होतो म्हणून ते दाराशी. इमारत वाचायची ती अशी. कमानी नंतर पाहाव्यात.

पण चांद्याचा पॅरिश भिंतींत मावणारा नव्हता. 1901 च्या सुमारास जिल्ह्याचा विस्तार दहा हजार चौरस मैलांच्या घरात होता; आजचा गडचिरोली, जो 1982 मध्ये वेगळा झाला, त्यातच होता. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत रेल्वे वरोड्यालाच थांबे, पुढे बैलगाडी. 1903 मध्ये नागपूरला स्वतंत्र बिशप मिळाला. ते पहिले बिशप आयर चॅटर्टन. 1916 मध्ये त्यांनी गोंडवनाचा इतिहास लिहिला. चांद्याचे मिशनरी अ‍ॅलेक्स वुड यांनी मिशनची हकीकत 1906 मध्ये एडिंबरोत प्रसिद्ध केली. हेच वुड 1926 मध्ये नागपूरचे बिशप झाले.

आणि इथे गोष्ट अवघड होते. 1932 मध्ये व्हेरिअर एल्विन हा तरुण अँग्लिकन पाद्री मंडला जिल्ह्यातील गोंडांत राहायला आला. त्याला धर्मांतर करायचे नव्हते, आणि तो गांधींच्या जवळचा होता. बिशप वुड यांनी त्याला पाद्री म्हणून काम करण्याचा परवाना नाकारला. 1935 मध्ये एल्विनने पाद्रीपणच सोडले. आयुष्याची उमेदीची वर्षे गोंडांच्या राजधानीत काढलेल्या माणसाने हे करावे, हे मला समर्थनीय वाटत नाही. पण वुड यांच्या दृष्टीने मिशन म्हणजे वेदी, कुंड आणि बिशपची आज्ञा. कुंड नसलेले मिशन त्यांना कळणे कठीण होते.

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. हिस्लॉपची परंपरा आणि चांद्याची परंपरा त्या दिवशी एका छत्राखाली आली.

अशा जुन्या चर्चांत जपण्यासारखी खरी वस्तू म्हणजे नोंदवह्या. बाप्तिस्म्याच्या वहीत मुलाचे नाव, आईबापांची नावे, राहण्याचे ठिकाण, बापाचा धंदा आणि विधी करणाऱ्याची सही असे रकाने असतात. सातबाऱ्यावर जमीनवाल्याचे नाव येते. इथे भूमिहीन बापाचे येते, आणि आईचेही. युरोपियनांच्या नोंदींच्या प्रती लंडनला जात. देशी ख्रिस्ती माणसाची नोंद बहुधा मूळ वहीतच राहिली. ती वही वाळवीने खाल्ली तर दुसरी प्रत कोठे शोधायची? पुराभिलेख खात्याने आणि विद्यापीठांनी, मंडळींच्या संमतीने, या वह्यांची पानन् पान छायाचित्रे घ्यावीत. पावसाळा दरवर्षी येतो.