डिसोझा, नेव्हिल
डिसोझा, नेव्हिल : (१९३२–८०). मुंबईत नावारूपाला आलेले गोमंतकीय फुटबॉलपटू, भारताचे मध्य-आघाडीवीर. क्लब फुटबॉलमध्ये ते टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळले. मात्र त्यांची खरी कीर्ती मेलबर्न ऑलिंपिकच्या दोन सामन्यांवर उभी आहे.

हंगेरीने माघार घेतल्याने भारत थेट उपांत्यपूर्व फेरीत पोहोचला. १ डिसेंबर १९५६ रोजी यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध डिसोझांनी दोनदा आघाडी मिळवून दिली. दोन्ही वेळा बरोबरी झाली. मध्यंतरानंतर लगेचच त्यांनी तिसरा गोल केला. ऑलिंपिक फुटबॉलमधील आशियाई खेळाडूची ही पहिली हॅट्‌ट्रिक. भारत ४–२ असा जिंकला. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाविरुद्धही पहिला गोल त्यांचाच. पण ही आघाडी जेमतेम दोन मिनिटे टिकली आणि भारत १–४ असा हरला. कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने ३–० अशी मात केली.

चार गोलांसह डिसोझा स्पर्धेतील संयुक्त सर्वाधिक गोलकर्ते ठरले; बरोबरीचे दोघे युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच व बल्गेरियाचा मिलानोव्ह. पश्चिम युरोपातील व्यावसायिकांना तेव्हा ऑलिंपिकचे दार बंद होते, हे खरे. पण पूर्व युरोपचे संघ पुरेपूर तयारीचे होते, त्यामुळे या यशाला हलके लेखता येत नाही. प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्या या संघाचे चौथे स्थान ही ऑलिंपिकमधील भारतीय फुटबॉलची आजवरची सर्वोच्च कामगिरी होय.